जुन्या वर्षातला आवडता गेम कसा निवडावा

‘तुझा आवडता गेम कोणता?’ या प्रश्नाला कोणीही चटकन उत्तर देतो. पण ‘२००६ सालचा तुझा आवडता गेम कोणता?’ असे विचारले की बहुतेक जण अडखळतात, कारण तिथे आवडीच्या आधी सालाचा हिशेब लागतो. दिवाळीत गावी जमलेल्या आम्हा भावंडांमध्ये हा वाद दरवर्षी निघतो आणि दरवर्षी तो गेमवरून नव्हे, तर सालावरून चिघळतो. म्हणून ज्यांना असा निवाडा करायचा आहे त्यांनी आधी साल पक्के करावे आणि मगच आवडीकडे वळावे.

आमच्याकडे हे काम जास्तच अवघड आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आम्ही जे गेम खेळलो ते बाजारात आल्यावर दोन-तीन वर्षांनी, नागपूरला शिकणाऱ्या कोणाच्या तरी मोठ्या भावाच्या बॅगेतून, मार्करने नाव लिहिलेल्या सीडीवर येत. ‘जीटीए व्हाइस सिटी’ हा गाड्या पळवायचा गेम प्लेस्टेशन २ या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर ऑक्टोबर २००२ मध्ये आणि कॉम्प्युटरवर मे २००३ मध्ये आला. आमच्या एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत तो पोहोचला २००६ च्या उन्हाळ्यात. आता याला कोणत्या सालात बसवायचे? ‘आपल्या गावात आला ते साल’ हा नियम मनाला पटतो, पण तो धरला तर पुसदच्या माणसाचे २००५ आणि आमचे २००६ यांची तुलनाच होऊ शकत नाही. माझा नियम असा आहे की, आपण ज्या यंत्रावर खेळलो त्या यंत्रासाठी तो गेम ज्या साली बाहेर पडला ते त्याचे साल. त्यामुळे कॉम्प्युटरवर खेळणाऱ्या आमच्यासाठी व्हाइस सिटी २००३ चा ठरतो, आणि त्याच मालिकेतला ‘सॅन अँड्रियास’ २००४ चा न राहता २००५ चा होतो, कारण कॉम्प्युटरवर तो जून २००५ मध्ये आला. ‘अमंग अस’ सगळ्यांनी टाळेबंदीत, म्हणजे २०२० मध्ये खेळला. पण तो २०१८ चा आहे, आणि त्याची गाठ २०१८ च्याच गेमशी लावली पाहिजे.

साल शोधायला सर्वांत खात्रीची जागा म्हणजे गेमचा पहिला पडदा. टीव्हीला जोडायच्या यंत्रात घालायची ती ‘९९९ इन १’ छापाची पिवळी कॅसेट ज्यांच्या घरी होती, त्यांनी सुपर मारिओच्या नावाखाली १९८५ हा आकडा शेकडो वेळा पाहिलेला असतो, फक्त वाचलेला नसतो. रणगाड्यांच्या ‘बॅटल सिटी’वर मात्र १९८० आणि १९८५ अशी दोन साले दिसतात, त्यांपैकी पहिले ‘टँक बटालियन’ या त्याच्या पूर्वजाचे आहे, तेव्हा दुसरे धरावे. खेळांच्या गेमवरचा आकडा तर सरळसरळ फसवतो. ‘ईए क्रिकेट ०७’ नोव्हेंबर २००६ मध्ये आला. नावातला ०७ हा येणाऱ्या मोसमाचा आकडा आहे. आमच्या घरात या एका शून्य-सातवरून दोन दिवाळ्या गेल्या.

जुन्या कॉम्प्युटरमधल्या सेव्ह फाइलच्या, म्हणजे खेळ कुठवर आला ते जपून ठेवणाऱ्या फाइलच्या, तारखेवरही विसंबू नये. मी एकदा मोठ्या विश्वासाने जुनी हार्डडिस्क उघडून पुरावा दाखवायला गेलो, तर निम्म्या फाइलींवर १ जानेवारी २००२ ही तारीख निघाली, जेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटरच नव्हता. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्याबरोबर घड्याळ मूळ तारखेला परत जाते, आणि लोडशेडिंगच्या त्या काळात ते रोजच परत जात होते.

साल ठरले की त्या सालातल्या, आपण स्वतः खेळलेल्या गेमची नावे कागदावर लिहून काढावीत. इथे एक प्रामाणिकपणा पाळावा लागतो. आमच्या पिढीने गेम खेळले त्यापेक्षा जास्त पाहिले. तासाचे पैसे पाच जणांत गोळा करायचे, एकाने की-बोर्ड धरायचा आणि चौघांनी खुर्चीमागे उभे राहून ‘अबे, डावीकडं घे’ म्हणून ओरडायचे, ही रीत होती. नुसता पाहिलेला गेम यादीत घेऊ नये असे माझे मत आहे, कारण हातात की-बोर्ड नसताना आपल्याला गोष्ट आवडते, खेळ आवडतो की नाही ते कळत नाही. मात्र चीट कोडची, म्हणजे गेम सोपा करणाऱ्या गुप्त अक्षरांची, चिठ्ठी सांभाळणारा जो एक जण असे, त्याचा हक्क मी अर्धा मानतो.

यादी लहान असली तरी बिघडत नाही. २००६ साठी माझ्याकडे चारच नावे निघाली: क्रिकेट ०७, ‘नीड फॉर स्पीड कार्बन’, ‘टूम रेडर लेजंड’ आणि ‘हिटमॅन ब्लड मनी’. त्या वर्षी आलेला ‘ओब्लिव्हियन’ आमच्या कॅफेतल्या यंत्रांवर चालणे शक्यच नव्हते, आणि जो आपण खेळलोच नाही त्याची थोरवी इतरांकडून ऐकून त्याला वर बसवणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातल्या भाजीची चव सांगणे होय.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळा निकाल तिथेच लागतो: यादीतला प्रत्येक गेम आज पुन्हा किमान तासभर खेळावा. तो शक्यतो त्याच रूपात खेळावा. व्हाइस सिटीची फोनवरची आवृत्ती २०१२ ची आणि नव्याने रंगवलेली आवृत्ती २०२१ ची आहे. त्या खेळून २००३ च्या गेमबद्दल मत देऊ नये, कारण काचेवर अंगठा घासून गाडी वळवणे आणि बाणाच्या कळा दाबून वळवणे यांत हाताला फार फरक जाणवतो. काही जुने गेम आज अधिकृतपणे विकत मिळतात आणि साध्या लॅपटॉपवरही चालतात, त्यामुळे त्यांच्यासाठी तरी सीडी हरवल्याची सबब उरलेली नाही.

पुन्हा खेळताना गेममधून तेव्हाची खोली वजा करावी, आणि हे कसे करायचे ते हिटमॅनच्या उदाहरणाने सांगतो. भाडोत्री मारेकऱ्याचा हा गेम माझ्या आठवणीत अतिशय अवघड म्हणून बसला होता. त्यात ऑपेराची तालीम चालू असलेले एक मिशन आहे. नाटकातल्या गोळीबाराच्या प्रसंगासाठी ठेवलेले खोटे पिस्तूल काढून त्या जागी खरे ठेवले, की आपण बोटही न उचलता काम होते आणि नटाला तालीम बिघडल्याचा पत्ता उशिरा लागतो. ती खोली शोधायला, वेश बदलायला आणि पहारेकऱ्यांच्या फेऱ्या पाठ करायला मला पाऊण तास लागे, आणि नेमकी त्याच सुमारास लाइन जाई. या गेममध्ये मिशनच्या मधे केलेले सेव्ह गेम बंद होताच पुसले जातात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात! गेल्या वर्षी इन्व्हर्टरच्या भरवशावर बसलो तेव्हा तेच मिशन दोन प्रयत्नांत झाले. म्हणजे माझ्या मनातल्या अवघडपणात निम्मा वाटा लोडशेडिंगचा होता. तो वजा केल्यावरही गेम उरला का, हे पाहायचे असते. हिटमॅन उरला, कारण मिशननंतर आपल्या कामगिरीची बातमी छापलेले वर्तमानपत्र येते आणि आपण किती गोंधळ घातला त्याप्रमाणे तिचा मजकूर बदलतो, हे मला आजही हसत हसत पुन्हा खेळायला लावते.

क्रिकेट ०७ ची वजाबाकी उलट झाली. पाच षटकांचा सामना दोन लोडशेडिंगच्या मधे बरोबर मावत असे, रिची बेनो आणि मार्क निकोलस यांचे समालोचन आम्हाला तोंडपाठ होते आणि शेजारी बसून हरणारा भाऊ होता. एकट्याने खेळलो तेव्हा लक्षात आले की कॉम्प्युटरच्या गोलंदाजाला एकाच फटक्याने षटकामागून षटके झोडपता येते आणि तो काही शिकत नाही. टूम रेडर तासाभरात बाजूला पडला. कार्बनमधल्या डोंगरउतारावरच्या शर्यती छान आहेत, पण बाकीचे शहर माझ्या लक्षात राहत नाही.

आणखी एक तपासणी करावी: निवडलेला गेम आपण खरोखर संपवला आहे का? २००८ मध्ये मी हिटमॅनच्या शेवटी पोहोचलो. नायक पांढऱ्या सुटात, निश्चल पडलेला, अंत्यविधी चालू, पडद्यावर बनवणाऱ्यांची नावे सरकू लागली. कॅफेवाल्या काकांनी ‘झाला न बे तुमचा, उठा आता’ म्हटले आणि आम्ही उठलो. नावे सरकत असताना चालण्याच्या कळा दाबत राहिले की तो उठून बसतो आणि खरे शेवटचे मिशन तिथूनच सुरू होते, हे मला त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी कळले. (इतक्या जुन्या गेमचे रहस्य फोडल्याबद्दल कोणी रागावू नये.) इतकी वर्षे मी अर्धवट खेळलेल्या गेमची बाजू घेऊन भांडत होतो.

दोन नावे शेवटपर्यंत बरोबरीत राहिली तर गुण देत बसू नये. दोन्ही गेम लॅपटॉपवर ठेवावेत आणि आठवडाभरात कोणीही न सांगता आपला हात कोणत्या चिन्हाकडे जातो ते पाहावे. मग वहीत साल, यंत्र, नाव आणि कारण अशी एकच ओळ लिहावी. कारणात ‘मस्त’, ‘जबरदस्त’ असले शब्द न घालता गेममधला एक नेमका क्षण लिहावा. तसा क्षण आठवत नसेल तर निवड चुकली आहे असे समजून पुन्हा यादीकडे जावे.

माझ्या वहीत ती ओळ अशी आहे: ‘२००६, कॉम्प्युटर, हिटमॅन ब्लड मनी, नावे सरकत असताना तो उठला म्हणून.’ त्याच्याखाली धाकट्या भावाने, त्याच सालापुढे, क्रिकेट ०७ लिहिले आहे आणि कारणाच्या जागी ‘शेवटच्या चेंडूवर चार हवे होते आणि दादाने कॅच सोडला’ एवढेच लिहिले आहे.