पंप बंद करा, मग गेज बघा

विजय नगरातल्या एका 15 मजली इमारतीचा चिलर प्लांट, म्हणजे एसीचं पाणी थंड करून मजल्यामजल्यांवर फिरवणारी यंत्रणा, मी 11 वर्षं सांभाळतोय. नवा पोरगा कामावर आला की हमखास विचारतो, "काका, एवढ्या उंच पाणी न्यायला हा एवढासाच पंप?" इंदूरच्या माणसाला हे कोडं पडणारच. आपलं नर्मदेचं पाणी जलूदहून 70 किलोमीटर, घाट चढून येतं आणि तिथं सगळा चढ पंपाच्याच माथी. एसीचं थंड पाणी मात्र बंद फेऱ्यात फिरतं. कप्पीच्या दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी बांधा. एक उतरते तिच्या वजनावर दुसरी चढते. तुम्ही ओढायचं ते कप्पी घासते तेवढ्यापुरतं. पंपाचंही तेवढंच काम.

वजन मात्र कुठे जात नाही, ते तळघरातल्या गेजवर (दाब दाखवणाऱ्या घड्याळावर) बसलेलं असतं. 10 मीटर उभं पाणी म्हणजे 1 किलो दाब (प्लांटमध्ये 'प्रति चौरस सेंटिमीटर' कोण म्हणतो!). आमच्या गच्चीवरच्या एक्स्पान्शन टाकीतलं (फुगलेलं पाणी सामावणारी, कमी पडलेलं भरणारी टाकी) पाणी गेजपासून 58 मीटर वर, म्हणून पंप बंद असताना 5.8. टाकीचा पाइप पंपाच्या सक्शनला (पाणी आत येतं त्या बाजूला) जोडलाय, त्यामुळे पंप चालू केला तरी सक्शनचा काटा जवळपास तिथंच राहतो. डिस्चार्जचा (पाणी बाहेर पडतं त्या बाजूचा) 8 वर जातो. खालच्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह बदलताना दुकानदार पीएन10, म्हणजे जेमतेम 10 किलो दाबाचा, पुढे करतो. घेऊ नका. पीएन16 च घ्या.

आता खरी गोष्ट. गेल्या मे महिन्यात वरच्या दोन मजल्यांवरून फोनवर फोन: एसी थंड करत नाही. पोरानं दुसरा पंप जोडीला लावला. वर नुसती खळखळ वाढली. मी दोन्ही पंप बंद करायला लावले, पाच मिनिटं थांबलो, काचेवर टिचकी मारली. काटा 5.2. कमी झालेल्या आकड्याला 10 नं गुणा: 6 मीटर पाणी गायब, म्हणजे बरोबर वरचे दोन मजले. टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह गाळानं अडकला होता, भर पडतच नव्हती, आणि कुठल्याशा ग्लँडमधून (फिरत्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून) रोज थेंबथेंब जात होतं.

भरताना घाई नको. पंप बंदच ठेवून खालून हळूहळू भरा, म्हणजे हवा वर सरकते. एक माणूस वरच्या टोकाच्या एअर व्हेंटपाशी फडकं घेऊन बसवा. आधी फुस्स, मग थुंकल्यासारखे शिंतोडे. अखंड धार लागली की बंद. काटा 5.8 वर आला की पंप चालू, अर्ध्या तासानं पुन्हा एकदा व्हेंट.

टाकीच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह मात्र कधीच बंद ठेवायचा नाही. 7 अंशांचं पाणी सुट्टीत प्लांट बंद राहून 35 वर आलं की हजार लिटरमागे पाच-सहा लिटर फुगतं. जायला वाट नसेल तर गॅस्केट फाडून वाट काढतं. त्या व्हॉल्व्हचं हँडल मी काढून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय.