ट्रिपला गेल्यावर तिथलं खाणं खायला कसं शिकायचं

बाहेर फिरायला गेल्यावर बऱ्याच जणांचं असं होतं की पहिल्या दिवशी ओळखीचं काहीतरी खातात, दुसऱ्या दिवशी पण तेच, आणि निघायच्या दिवशी लक्षात येतं की इथलं तर काहीच खाल्लं नाही. आवड नसते असं नाही, भीती असते, आणि माझ्या मते ती एक नाही, दोन आहेत. एक जिभेची, म्हणजे कसंतरीच लागलं तर काय, आणि दुसरी पोटाची, म्हणजे बाधलं तर काय. आपण दोन्हीची सरमिसळ करतो, मग समोर वाफाळतं पण अनोळखी दिसणारं काही आलं की घाबरतो आणि सकाळपासून काचेत पडलेलं सँडविच मात्र ओळखीचं म्हणून बिनधास्त खातो, खरा धोका त्या सँडविचमध्येच जास्त असतो. म्हणून या दोन भीती वेगळ्या करा, दोघींचे उपाय वेगळे आहेत.

आधी जिभेचं बघू. नवीन चव नकोशी वाटणं म्हणजे नखरे नाहीत, माहीत नसलेली गोष्ट खाताना शरीर जरा मागे ओढतंच. लहान मुलांवर झालेल्या अभ्यासांत दिसलंय की नवीन भाजी आवडायला ती 8 ते 10 वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा चाखावी लागते, मग मोठ्या माणसाने पहिल्याच घासाला निकाल का द्यायचा? पहिला घास फक्त ओळख करून घ्यायला. छोटा घ्या, नीट चावा, गिळा, पाणी प्या, मग दुसरा घ्या, आणि तिसऱ्यानंतर ठरवा. अजून एक, आपण ज्याला चव म्हणतो त्यात मोठा वाटा वासाचा असतो, आणि चावताना हा वास घशाच्या मागून नाकात जातो, त्यामुळे आंबवलेल्या पदार्थांचा ताटातला वास उग्र असला तरी तोंडात गेल्यावर तेच खूपदा वेगळं आणि चांगलं लागतं. नुसता वास घेऊन ताट सरकवू नका प्लीज.

सुरुवात सोप्या पायरीने करा. ज्यात एकच गोष्ट नवीन आहे असं काहीतरी निवडा, म्हणजे भात माहितीचा पण वरचा रस्सा नवीन, किंवा भाजी माहितीची पण शिजवायची पद्धत नवी. पहिल्याच दिवशी सगळ्यात विचित्र वाटणारी गोष्ट खाऊन दाखवायची अजिबात गरज नाही, त्याने उलट पुढचे चार दिवस माणूस हात आखडता घेतो. सोबत कोणी असेल तर एकच प्लेट मागवून वाटून खा, नाही आवडलं तरी अन्न वाया जात नाही आणि मनावर दडपण राहत नाही. पोटात कावळे ओरडत असताना नवीन काही शोधायला निघू नका, तेव्हा माणूस समोर दिसेल त्या ओळखीच्या हॉटेलात शिरतो, थोडी भूक असताना निघा. आणि तिखट लागलं तर पाण्याने फार काही होत नाही, मिरचीतला झोंबणारा घटक पाण्यात विरघळत नाही, दूध किंवा दही घ्या, त्यातलं केसीन नावाचं प्रोटीन ती आग कमी करतं.

आता पोटाचं, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार कारण इथे डोळे उघडे ठेवले तर खूप काही टळतं. स्टॉलवर गेल्या गेल्या ऑर्डर देऊ नका, पाच-दहा मिनिटं बाजूला उभं राहून बघा. तिथलीच माणसं रांगेत आहेत का, बायका आणि लहान मुलं पण खातायत का. भांड्यातून वाफ येतेय का, की पदार्थ आधीच करून ठेवलाय आणि नुसता कोमट करून देतायत. पैसे घेणारा हात आणि वाढणारा हात एकच आहे का, मध्ये धुतला जातोय का. कच्चं मांस कापलेल्या सुरीनेच वर घालायची कोथिंबीर कापतायत का. प्लेट वाहत्या पाण्यात धुतायत की एकाच बादलीत बुचकळून परत पुढच्याला देतायत. या पाच-दहा मिनिटांत जेवढं कळतं तेवढं कुठल्याच रेटिंगमधून कळत नाही, आणि शिवाय खायचं कसं तेही कळतं, काय आधी खातात, काय वरून पिळतात, हाताने खातात की चमच्याने.

कारण साधं आहे. जंतू साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधे भराभर वाढतात, म्हणून समोर शिजवलेलं आणि हात भाजेल इतकं गरम असलेलं खाणं सगळ्यात सेफ, मग ते गाडीवरचं का असेना. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं की ते टाळा, मोठ्या हॉटेलातला बुफे असला तरी. त्यामुळे जेवायला तिथल्या लोकांच्या वेळेला जा, गर्दीच्या वेळी माल पटापट संपतो आणि ताजा येतो. लिंबू पिळलं, तिखट घातलं किंवा सोबत दारू घेतली म्हणून जंतू मरत नाहीत. बर्फातही ते जिवंत राहू शकतात, म्हणून पाण्याची खात्री नसेल तिथे बर्फ नकोच. फळ घ्यायचं तर स्वतः सोलता येईल असं घ्या. पाणी उकळून प्यायचं असेल तर खळखळ उकळी आल्यावर 1 मिनिट, आणि 2000 मीटरच्या वर डोंगरात असाल तर 3 मिनिटं. एका जेवणात एकच नवीन पदार्थ ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी लांबचा बसप्रवास असेल तर आदल्या रात्री प्रयोग नको.

ॲलर्जी असेल तर मात्र धाडस बाजूला ठेवा. कशाची ॲलर्जी आहे ते तिथल्या भाषेत कागदावर लिहून घ्या आणि स्वयंपाक करणाऱ्यापर्यंत पोचवा, वेटरने मान हलवली एवढ्यावर विसंबू नका. शाकाहारी असाल तर नुसतं मांस नको म्हणून भागत नाही, बऱ्याच ठिकाणी मासे, अंडं, मांसाचं पाणी, चरबी, माशांचा सॉस हे मांसात धरत नाहीत, एकेक नाव घेऊन विचारा. कोणी घरी जेवायला बोलावलं तर हे स्वयंपाक व्हायच्या आधी सांगा, ताटात आल्यावर सांगितलं की त्या माऊलीचा जीव खालीवर होतो. आणि आवडलं नाही तरी तोंड वाकडं करू नका, आधीच थोडं वाढून घ्या आणि जे आवडलं ते परत मागा, लोक खूश होतात.

काय मागवायचं कळत नसेल तर तुम्ही स्वतः काय खाता असं विचारा, किंवा शेजारच्या ताटाकडे बोट दाखवा, भाषा येत नसली तरी काम होतं. सकाळी भाजीबाजारात एक चक्कर मारा, जी पालेभाजी किंवा मासा तिथे ढिगाने दिसला तो दुपारच्या जेवणात ताजा मिळणार.

एवढं करूनही पोट बिघडू शकतं, बहुतेक वेळा तीन ते पाच दिवसांत आपोआप बरं होतं. ओआरएसची पाकिटं बॅगेत ठेवाच, नसतील तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, नीट विरघळवून घोट घोट पीत राहा. ताप चढला, जुलाबातून रक्त पडलं, पाणीसुद्धा पोटात टिकेना किंवा लघवी अगदी कमी झाली तर वाट बघत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा.