गेमिंगसाठी प्रोसेसर घेताना या चुका टाळा: गिगाहर्ट्झ की थ्रेड?

गेमिंगचा संगणक जुळवायला येणारी आमच्या भागातील मुले अजूनही दोनच आकडे विचारतात: गिगाहर्ट्झ (प्रोसेसरचा वेग, म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके) किती आणि थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे) किती. आकडे खरेच असतात, पण ते सुटे सुटे पाहिले की पैसा वाया जातो.

सर्वांत महागात पडते ते थ्रेडच्या संख्येला भुलणे. वणीजवळच्या एका तरुणाने कापूस विकल्यावर वडिलांनी दिलेल्या पैशांतून ऑनलाइन जुना सर्व्हरचा प्रोसेसर मागवला: झिऑन ई५-२६८० व्ही४, १४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे गाभे), २८ थ्रेड. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेमसाठी १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रे दाखवू शकणारा मॉनिटरही घेतला. पण गेममध्ये चकमक सुरू झाली की फ्रेम, म्हणजे सेकंदाला तयार होणारी चित्रे, कोसळत. "भाऊ, ग्राफिक्स कार्ड बदलून द्या," असा आग्रह धरून तो माझ्याकडे आला. कार्डावरचा भार हलका व्हावा म्हणून मी रिझोल्यूशन उतरवून पाहिले, तरी फ्रेम वाढल्या नाहीत, म्हणजे दोष कार्डाचा नव्हता. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर जेमतेम पाचव्या हिश्शाइतका दिसत होता आणि नेमकी येथेच बहुतेकांची फसगत होते. सेकंदाला १४४ फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला सुमारे ७ मिलिसेकंद मिळतात. गेमच्या मुख्य थ्रेडचे काम तेवढ्यात आटोपले नाही, तर बाकीचे थ्रेड मोकळे असूनही ते काम वाटून घेऊ शकत नाहीत. त्यातच विंडोज तो थ्रेड एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहते, त्यामुळे कोणत्याही कोअरचा आलेख सतत शंभर टक्क्यांवर टेकलेला दिसत नाही. २०१६ सालचा, फार तर ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा तो कोअर कमी पडत होता. मदरबोर्डासह तो काढून रायझन ५ ५६०० बसवला, कोअर ६ आणि थ्रेड १२. कार्ड तेच ठेवले आणि अडखळणे थांबले.

नुसते गिगाहर्ट्झ पाहणेही तितकेच चुकीचे आहे, कारण एका ठोक्यात किती काम होते हे पिढीनुसार बदलते. २०१२ मधील एएमडीच्या एफएक्स-८३५० चा मूळ वेग ४ गिगाहर्ट्झ होता, तरी ३.४ गिगाहर्ट्झचा इंटेलचा आय५-३५७०के बहुतेक गेममध्ये त्याच्या पुढे असे. रायझन ७ ५८००एक्स३डी तर त्याच पिढीतल्या ५८००एक्सपेक्षा वेगाने कमी आहे. पण ३२ ऐवजी ९६ एमबी एल३ कॅशेमुळे (प्रोसेसरमधल्याच जलद स्मृतीमुळे) गेममध्ये तोच सरस ठरतो. म्हणून वेगाची तुलना मी एकाच पिढीत आणि कॅशे सारखा असेल तरच करतो, एरवी नाही.

चार कोअर, चार थ्रेडचा प्रोसेसर आता घेऊ नये. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्येच ८ कोअर आहेत आणि नवे गेम त्या हिशेबाने लिहिले जातात.

खोक्यावर लिहिलेला बूस्टचा, म्हणजे गरजेपुरता वाढणारा वेग ही कमाल मर्यादा असते, हमी नव्हे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला आणि जिनिंग गिरणीजवळच्या घरात कापसाची तूस हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत बसली, की तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. अशा वेळी उतावळेपणाने ओव्हरक्लॉक करणारे, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवणारे, मला मुळीच पटत नाहीत. मी होळीपूर्वी हीटसिंक उतरवून मऊ ब्रशने साफ करतो, थर्मल पेस्ट नवी लावतो आणि भर दुपारी, खोलीतला कूलर बंद ठेवून, तासभर गेम चालवत टिकून राहिलेला वेग पाहतो; अशा सारख्या पिढीतल्या दोन प्रोसेसरांची तुलना करताना मी तोच आकडा धरतो.