एटीपीएलची तयारी: कोकणातल्या सहवैमानिकासाठी

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, हाती आल्यावर विमान कंपनीत सहवैमानिकाची नोकरी मिळू शकते. परंतु प्रवासी विमानाचा कमांडर म्हणून डाव्या आसनावर बसायचे असेल तर एटीपीएल, म्हणजे विमान कंपनीच्या वैमानिकाचा वरचा परवाना, लागतो. वयाची २१ वर्षे पूर्ण, एकूण १५०० तासांचे उड्डाण, त्यांत किमान १०० तास रात्रीचे, वर्ग १ चे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नेव्हिगेशन, रेडिओ साधने व उपकरणे आणि हवामानशास्त्र या विषयांच्या परीक्षा, या त्यासाठीच्या ठळक अटी आहेत. परीक्षेत उत्तीर्ण होण्यास ७० टक्के गुण लागतात. तास यथावकाश भरतात आणि प्रश्नसंच पाठ करून परीक्षाही सुटतात, म्हणून या दोन गोष्टींवर येथे फारसे लिहिलेले नाही. खरी तयारी निर्णयक्षमतेची असते, आणि त्या दृष्टीने पाहिले तर कोकण किनाऱ्यासारखी अभ्यासाची जागा शोधून सापडणार नाही.

सुरुवात हवामानापासून करावी. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे धावपट्टीवर आडवा वारा किंवा मागचा वारा होऊन समोर येतात, तेव्हा त्यांची वेळ ठाऊक असणे उपयोगी पडते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर सह्याद्रीच्या माथ्यावर वळिवाचे ढग उभे राहतात. त्यांना रडारवर ओळखणे आणि वारा येतो त्या बाजूने अंतर ठेवून वळसा घालणे हे कौशल्य आहे. जून ते सप्टेंबर या काळात मात्र प्रश्न वेगळा असतो. अरबी समुद्रावरून येणारा दमट वारा घाटाला अडून वर चढतो, किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि खालच्या थरातील ढग तासन्‌तास हलत नाहीत. जून २०२० मध्ये श्रीवर्धन-अलिबाग परिसराला तडाखा देणाऱ्या निसर्ग चक्रीवादळासारख्या घटना क्वचित घडतात. वैमानिकाची कसोटी लागते ती पावसाळ्यातल्या नेहमीच्या दिवसांत.

त्यातला पहिला धडा पर्यायी विमानतळाचा, म्हणजे ठरलेल्या ठिकाणी उतरता आले नाही तर जिथे जायचे त्या विमानतळाचा. मुंबई, सिंधुदुर्गातील चिपी आणि गोव्यातील मोपा व दाभोळी हे विमानतळ नकाशावर वेगवेगळी दिसली तरी पावसाचा जोर वाढला की बहुधा एकाच ढगपट्ट्याखाली सापडतात. चिपीला जाताना मोपा पर्यायी म्हणून धरला, तर कागदावर नियम पाळला जातो, पण दोन्ही ठिकाणी दृश्यमानता एकाच वेळी घसरण्याची शक्यता तशीच राहते. अशा दिवशी घाटापलीकडचे हैदराबाद किंवा बेंगळुरू धरून त्या अंतराचे इंधन घेणे शहाणपणाचे असते. पर्यायी विमानतळावर पोहोचल्यावरही जेट विमानात १५०० फुटांवर ३० मिनिटे घिरट्या घालता येतील इतके अंतिम राखीव इंधन शिल्लक असावे लागते. जास्त इंधन म्हणजे जास्त वजन आणि जास्त खर्च, हे खरे. तरीही आषाढात याबाबत हात आखडता घेऊ नये, असे माझे मत आहे.

दुसरा धडा उंचीमापकाचा. पावसाळ्यात किनाऱ्यावरचा हवेचा दाब बऱ्याचदा प्रमाण दाबापेक्षा, म्हणजे १०१३ हेक्टोपास्कलपेक्षा, बराच कमी असतो. समजा स्थानिक क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दिसावी म्हणून उंचीमापकावर लावायचा तिथला दाब, १००० आहे आणि उतरताना वैमानिक उंचीमापकावरचा १०१३ हा आकडा बदलायचे विसरला. एका हेक्टोपास्कलला सुमारे ३० फूट धरले, तर विमान उपकरणात दिसते त्यापेक्षा जवळजवळ ४०० फूट खाली असेल. पूर्वेकडून येताना खाली सह्याद्री आहे, हे लक्षात घेतले की या बेरीज-वजाबाकीचे गांभीर्य कळते. म्हणून प्रत्येक क्षेत्राची किमान सुरक्षित उंची तोंडपाठ असावी आणि क्यूएनएच दोघांनीही मोठ्याने वाचून पडताळावा.

तिसरा धडा ओल्या धावपट्टीचा. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. त्याची धावपट्टी २५०० मीटर लांबीची असून ती जांभ्या दगडाच्या सड्यावर आहे. जेट विमानाचे प्रमाणित लँडिंग अंतर उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत बसले पाहिजे, म्हणजे कोरड्या धावपट्टीवर १५०० मीटर. ओल्या धावपट्टीसाठी लागणारी लांबी आणखी १५ टक्क्यांनी जास्त धरावी लागते, त्यामुळे प्रमाणित अंतराची हीच मर्यादा सुमारे १३०० मीटरवर येते. पाणी साचले असेल तर टायर पाण्यावर तरंगण्याचा धोका असतो. टायरमधील दाबाच्या, तो पीएसआयमध्ये घेऊन, वर्गमुळाला नऊने गुणले की हा धोका ज्या वेगापासून सुरू होतो तो वेग नॉटमध्ये ढोबळमानाने मिळतो; २०० पीएसआयला सुमारे १२७ नॉट. अनेक जेट विमाने याहून अधिक वेगाने धावपट्टीला टेकतात. म्हणूनच पावसात अलगद उतरण्याचा हव्यास सोडावा, विमान ठरलेल्या पट्ट्यात ठामपणे टेकवावे आणि स्पॉयलर, म्हणजे पंखांवरच्या उचल कमी करणाऱ्या झडपा, उघडले की नाहीत हे तत्काळ पाहावे. प्रवाशांच्या टाळ्या मिळाल्या नाहीत तरी चालेल.

हे सारे ज्ञान शेवटच्या हजार फुटांत एकत्र येते. ढगांत असताना १००० फुटांवर आणि बाहेर स्वच्छ दिसत असताना ५०० फुटांवर विमानाचा वेग, उतरण्याचा दर, दिशा आणि फ्लॅप-चाकांची स्थिती ठरलेल्या मर्यादेत स्थिर झालेली नसेल, तर गो-अराउंड करायचा, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जायचे. येथे दुसरा विचार नसतो. तीन अंशांच्या उतारावर जमिनीसापेक्ष वेगाला पाचने गुणले की मिनिटाला किती फूट उतरायला हवे ते कळते: १४० नॉटला ७००. मागचा वारा वाढला की हा आकडा वाढतो आणि विमान धावपट्टीच्या वर तरंगत पुढे जाते. हे गणित कागदावर नव्हे, डोक्यात करण्याची सवय लावावी.

पण गणित बरोबर आले तरी ते बोलून दाखवावे लागते. २२ मे २०१० रोजी मंगळुरूला १५८ जणांचा बळी घेणाऱ्या अपघातात सहवैमानिकाने गो-अराउंडची सूचना तीनदा केली होती. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला मुसळधार पावसात आणि मागच्या वाऱ्यात विमान अर्ध्या धावपट्टीवर टेकले, तेव्हाही सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटले होते. दोन्ही धावपट्ट्या पठारावरच्या, पश्चिम किनाऱ्याजवळच्या. दोन्ही वेळी शेजारी बसलेल्याला धोका दिसला होता, मात्र वेळेत गो-अराउंड झाला नाही.

आपल्याकडे वडीलधाऱ्यांना उलट उत्तर देऊ नये असे लहानपणापासून शिकवले जाते, आणि घरात ते शोभूनही दिसते. कॉकपिटमध्ये मात्र सूचनेची पायरी आधीच ठरलेली असावी: प्रथम विचारणा, मग स्पष्ट इशारा, मग ‘कॅप्टन, अनस्टेबल, गो-अराउंड’ असे ठाम वाक्य, आणि तरीही प्रतिसाद नसेल तर नियंत्रण हाती घेणे. अनेक कंपन्यांच्या नियमावलीत दोन हाकांना उत्तर आले नाही तर समोरचा वैमानिक अक्षम झाला असे धरण्याची तरतूद असते. ती वाचून ठेवावी आणि सिम्युलेटरमध्ये ही वाक्ये खऱ्या आवाजात म्हणून पाहावीत, कारण मनात म्हटलेले वाक्य ऐन वेळी तोंडातून बाहेर पडत नाही. कमांडर होण्याची इच्छा असणाऱ्याने याची दुसरी बाजूही शिकावी. ब्रीफिंगमध्येच ‘तुम्ही गो-अराउंड म्हणालात की मी वर जाईन, चर्चा नंतर करू’ असे सांगून टाकणारा कमांडर सहवैमानिकाचे अर्धे ओझे हलके करतो.

रोजच्या सरावासाठी एक सोपा उपक्रम आहे. पावसाळ्यात दररोज मुंबई आणि गोव्याचे मेटार (विमानतळावरच्या हवामानाची ताजी नोंद) व टॅफ (तिथला हवामानाचा अंदाज) वाचावेत, आपण चिपीला निघालो आहोत असे धरून पर्यायी विमानतळ, इंधन आणि गो-अराउंडची मर्यादा वहीत लिहावी, आणि संध्याकाळी प्रत्यक्ष नोंदी पाहून आपला निर्णय टिकला असता का ते तपासावे. जिथे तो टिकला नसता, तिथे कोणती नोंद सकाळीच दिसत होती तेही त्याच पानावर टिपून ठेवावे.