नाही म्हणायचं ते इंजिन सुरू होण्याआधी

धोकादायक वाटणाऱ्या उड्डाणाला नकार द्यायचा तर ब्रीफिंगमध्येच, म्हणजे उड्डाणाआधीच्या बैठकीतच द्या. रोटर फिरायला लागला की जीभ जड होते, हे मी हेलिकॉप्टरवर अनुभवलंय.

बोलताना आकडा बोला. "मला ठीक वाटत नाही" हे वरिष्ठ सहज उडवून लावतात. "सर, ढगांचा तळ 300 फुटांवर आहे, आपली किमान मर्यादा 500. मी हे उड्डाण घेत नाही," याला उत्तर द्यावंच लागतं. मी हे म्हणालो तेव्हा साहेबांनी पेन टेबलावर आपटलं. माझ्या तळहातांना घाम फुटला होता. तेच वाक्य मी तसंच्या तसं पुन्हा म्हणालो, आवाज न चढवता, आणि पर्याय पुढे ठेवला: दोन तास थांबून हवामान परत बघू. पर्याय नसेल तर तो नकार आडमुठेपणा वाटतो.

क्रूमधला सगळ्यात कनिष्ठ "नको" म्हणाला, तरी थांबा.

1994 च्या 24 जूनला अमेरिकेतल्या फेअरचाइल्ड तळावर बी-52 हे बॉम्बफेकी विमान कोसळून चौघे गेले. ते चालवणाऱ्या वैमानिकासोबत उडायला काहींनी आधीच नकार दिला होता; तरी तो उडतच राहिला. म्हणून नकार त्याच दिवशी लिहून द्या: वेळ, कारण, कुणाला सांगितलं. प्रत उड्डाण सुरक्षा अधिकाऱ्याकडे.