नाइट, टीडीएस आणि कात्रणं : कलावंतांनो, या चुका टाळा

दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाबाहेर चहा पिताना आमची मंडळी दोन विषयांवर तावातावाने बोलतात. एक, रखडलेलं पेमेंट. दुसरा, "टॅक्स तर कापूनच घेतात ना!" महागात पडतं ते हे दुसरं वाक्य.

मालिकेचं बिल लावलं की निर्माता १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापतो. तो तुमचा अंतिम कर नव्हे, तुमच्या पॅनवर आगाऊ भरलेली रक्कम आहे. वर्षभरात ४ लाखांची कामं झाली, तर ४० हजार कापले जातात. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य. म्हणजे दुसरी मोठी मिळकत नसेल, तर ते ४० हजार तुमचेच; पण विवरणपत्र भरलंत तरच. भरण्याआधी फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडून बघा. माझे एकदा साडेआठ हजार तिथे दिसेचनात. निर्मात्याच्या हिशेबनिसाने पॅनमधलं एक अक्षर चुकवलं होतं. दुरुस्ती कापणाऱ्यानेच करायची असते, आपण फक्त मागे लागायचं. मी चार महिने लागलो.

नाइटचं, म्हणजे एका प्रयोगाच्या मानधनाचं, पाकीट रोख मिळालं, तरी ते उत्पन्नच.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सल्ला : "कलाकाराने निम्मीच मिळकत दाखवायची." निम्मा नफा गृहीत धरायची सोय ५० लाखांपर्यंतच्या जमेला आहे खरी, पण ती ठरावीक व्यवसायांना. त्या यादीत चित्रपट कलाकार आहेत : नट, गायक, गीतकार, संकलक, वेशभूषाकार वगैरे. निव्वळ नाटकावर किंवा चित्रकलेवर जगणाऱ्याचा तिथे उल्लेख नाही. त्याने तालमीच्या हॉलचं भाडं, प्रवास, रंग यांच्या पावत्या जपाव्यात आणि सीएला आधी विचारावं.

जीएसटीतही असाच घोळ. शास्त्रीय किंवा लोककलेच्या एका प्रयोगाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल, तर कलाकाराला माफी आहे. गणपतीत ऑर्केस्ट्रात हिंदी गाणी म्हणणाऱ्याला नाही. अर्थात वर्षाची जमा २० लाखांच्या आत असेल, तर नोंदणीचीच गरज नाही.

नाटकाला मिळालेलं सरकारी अनुदान बक्षीस समजू नका, ते निर्मात्याच्या उत्पन्नात धरलं जातं.

आता म्हातारपणाचं. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेत महिना ५ हजार मिळतात. वय ५० च्या पुढे, वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत आणि १५ वर्षांच्या कामाचा पुरावा हवा. घोडं अडतं ते पुराव्यावर. लालबागच्या आमच्या एका ताईंकडे नाटकांच्या जाहिरातींची गठ्ठाभर कात्रणं होती, पण सगळ्यांत नाव रंगमंचावरचं, आधारवर सासरचं. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र करून घेतलं तेव्हा कुठे अर्ज पुढे सरकला. मीही आता माझी कात्रणं माळ्यावरून काढून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहेत.