आरसी ट्रकचं डिफ ऑइल : या चुका टाळा

वखरलेल्या वावरात आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या खेळातल्या ट्रकचा थ्रॉटल दाबला की पुढची चाकं फुगून गरगरा फिरतात, ट्रक मात्र ढेकळांत जागच्या जागी. बहुतेक जण आधी मोटर नाहीतर टायर बदलायला धावतात. फोर-व्हील ट्रकमध्ये हा दोष बहुधा मधल्या डिफच्या पातळ ऑइलचा असतो. डिफ म्हणजे डिफरेन्शियल, चाकांमध्ये ताकद वाटणारी गियरची डबी; एक पुढच्या चाकांमध्ये, एक मागच्या आणि एक या दोघांच्या मध्ये.

डिफरेन्शियल ताकद तिकडे सोडतं जिकडे अडथळा कमी. वेग घेताना ट्रकचं वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि मधलं डिफ सगळी ताकद त्यांनाच देऊन टाकतं. आतलं सिलिकॉन ऑइल जाड असेल तर ते या पळवाटेला आवर घालतं. म्हणून मोकळ्या काळ्या मातीत 1/8 आकाराच्या (खऱ्या गाडीच्या आठव्या भागाएवढ्या) ट्रकला मधल्या डिफमध्ये 50,000 ते 1,00,000 सेंटीस्टोक (जाडी मोजायचं एकक; आकडा मोठा तितकं ऑइल जाड) ऑइल मला योग्य वाटतं. रेसवाल्यांचे 5-7 हजारांचे आकडे त्यांच्या ट्रॅकसाठी ठीक. ते जसेच्या तसे उचलून आपल्या पांदणीवर आणू नका. स्लॅश 4×4 सारख्या काही ट्रकला मधलं डिफ मुळात येतच नाही, त्याजागी स्लिपर क्लच (जास्त जोर आला की घसरणारा क्लच) असतो. तिथे हा उपाय लागू नाही.

मग दुसरी चूक होते. मधल्यात जाड ऑइल चाललं म्हणून तेच पुढच्या-मागच्या डिफमध्येही भरतात. मागचं डिफ फार जाड झालं की दाबलेल्या मुरमावर वळताना ट्रकचा मागचा भाग सुटतो आणि गाडी गिरकी घेते. पुढचं जाड झालं की थ्रॉटल सोडल्यावर गाडी वळणात नीट शिरत नाही. पुढे 10 ते 20 हजार, मागे 5 ते 10 हजार इथून सुरुवात करा. एका वेळी एकच डिफ बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

बाटलीवरचा आकडा नीट वाचा. शॉक ऑइलवर (शॉक अब्सॉर्बरमधल्या ऑइलवर) बहुधा ‘वेट’ हे जाडीचं दुसरं माप लिहिलेलं असतं, डिफ ऑइलवर सेंटीस्टोक. 60 वेट म्हणजे साधारण 800 सेंटीस्टोक, आणि 60K म्हणजे 60,000. नावात साठ दोन्हीकडे आहे, पण जाडीत जमीन-अस्मानाचा फरक.

ऑनलाइन मागवलेली बाटली यायला वेळ लागतो म्हणून तालुक्याच्या दुकानातून गाडीचं 90 नंबरचं गियर ऑइल आणून भरू नका. 40 अंशांना ते दोनशे सेंटीस्टोकच्या आसपास असतं आणि तापलं की झपाट्याने पातळ होतं. नुसतं ग्रीसही नको. फिरताना ते भिंतींना चिकटून बसतं आणि गियर कोरडे पडतात. ग्रीस लागतं ते डिफच्या बाहेरच्या क्राउन आणि पिनियन या गियरच्या जोडीला. हे दोन्ही लक्षात ठेवा, कारण इथेच गल्लत होते.

भरताना ऑइल आतल्या आडव्या पिनवर जेमतेम येईल एवढंच घ्या. काठोकाठ भरलं तर तापून फुगल्यावर सीलमधून बाहेर येतं. जाड ऑइल रात्रभर उघडं ठेवा, बुडबुडे वर येऊ द्या, मग झाकण समोरासमोरचे स्क्रू आवळत बसवा.

मे महिन्यात चंद्रपूर, अकोल्याकडे पारा 45 अंशांच्या वर जातो. सिलिकॉन ऑइल साध्या तेलापेक्षा कमी पातळ होतं, पण होतंच. डिसेंबरच्या सकाळी धुऱ्यावर बसलेला सेटअप मे मध्ये सैल वाटला तर मधलं डिफ एक पायरी जाड करा. आणि ट्रक आधीपासून उन्हात ठेवू नका.

गाडीची चारही चाकं वर उचलून पुढचं एक चाक हाताने फिरवा. त्याच्या जोडीचं पलीकडचं चाक उलट फिरायला हवं, आणि हाताला थोडा अडथळा जाणवायला हवा. अगदी मोकळं फिरत असेल तर ऑइल गळालं आहे. डिफमधून एक्सल जिथे बाहेर येतो तिथे धूळ चिकट होऊन बसली असेल तर गळती तिथेच; ओ-रिंग (रबरी कडी) बदला आणि नवीला सिलिकॉन ग्रीसचा हात द्या. कटकट आवाज येत असेल तर मात्र ऑइल बदलून उपयोग नाही. डिफ उघडून गियरचे दात आणि शिम (पातळ वॉशर) तपासा.